मुशीच्या पंखातली बोटं

कॉलेजच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये वीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे फॉर्मलिनच्या बरण्या आणि दुसरे किस्से. बरण्यांची दर मार्चमध्ये मोजदाद होते, फुटली तर जाब द्यावा लागतो. किश्शांना कसलाच चाप नाही. पालघरला आमचे जुने विद्यार्थी भेटले, चहा मागवला, की एकाने काढायचा आणि दुसऱ्याने त्याला मीठमसाला लावायचा. कुठूनही सुरुवात करा, गाडी शेवटी भोसेकर सरांच्या देवमाशापाशीच येऊन थांबते. मीठमसाला न लावता सांगणारी बहुतेक मी एकटीच उरलेय, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकावं.

मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे सरांनी फळ्यावर बेडूक काढायचा आणि मी तो टेबलावर फाडून दाखवायचा. माझं माहेर माहीमचं आणि सासरही माहीमचंच. हे माहीम पालघरजवळचं, केळवे-माहीममधलं. मुंबईतलं नव्हे, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

भोसेकर सर आले ते आणीबाणी उठली त्या वर्षी. सातारकडचे. समुद्र त्यांनी त्याआधी एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत. एम.एस्सी.ला फर्स्ट क्लास, कडक इस्त्रीची पँट आणि जाड भिंगांचा चष्मा. चष्मा काढला की समोरचा माणूस बाई आहे की बुवा हे त्यांना आवाजावरून ठरवावं लागे. पण ज्ञान पक्कं. सर एकदा बोलले की त्यावर कोणी बोलत नसे.

डिपार्टमेंटचे शिपाई पांडूदादा मात्र बोलत. ते माहीमच्या कोळीवाड्यातले. मासा सरांना लॅटिन नावाने ओळखता यायचा आणि पांडूदादांना नुसत्या वासाने. सरांच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला पांडूदादांनी ताजी मुशी आणून ट्रेमध्ये ठेवली. छोटा शार्क म्हणजे आमच्याकडे मुशी. सरांनी स्काल्पेल उचललं तेव्हा पांडूदादा अदबीने म्हणाले, "सर, जरा बेतानं कापा. मंग घरी न्यायला बरी."

*

त्याच वर्षी थंडीत पांडूदादा सकाळी सकाळी सांगत आले की, भावाच्या होडीला एक मोठी मुशी लागलीय, पण काहीतरी वेगळी दिसते. सर म्हणाले, चला. मीही गेले. माझ्या घरून तर किनारा पायाखालचाच.

सर हातात बूट धरून वाळूत उभे राहिले. मासा असेल आठ-नऊ फुटांचा, शिसवी रंगाचा, गुळगुळीत. होडीवरच्या लोकांनी त्याचे पंख आणि शेपूट समुद्रातच कापून ठेवले होते. मुशीचे पंख वाळवून व्यापाऱ्याला वेगळे द्यायची पद्धत होती, त्यामुळे मुशी सापडली की पहिला कोयता पंखावर. शेपूट जागेवर असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माशाची शेपूट उभी असते आणि देवमाशाची आडवी, हे शाळेतल्या पोरालाही समजतं.

सरांनी डोक्याची बाजू पाहिली. तोंड खालच्या अंगाला, अगदी शार्कसारखं. दात सुईसारखे बारीक, आत वळलेले. डोळ्याच्या मागे कल्ल्याच्या फटीसारखी एक फिकट चंद्रकोर. सरांनी जाहीर केलं, "शार्कच आहे. खोल पाण्यातला एखादा." शार्कला निदान पाच फटी असतात. इथे एकच होती. मोजायला हवं होतं, असं सर नंतर हजारदा म्हणाले.

मासा कापायला बसली होती हिराबाय, पांडूदादांची थोरली वहिनी. आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी, जिभेने तिखट आणि हाताने सढळ. तिची लेक बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. आमच्या बाजूला बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, त्याने अंगावर दूध येतं असं मानतात. हिराबायला त्यातला चांगला तुकडा लेकीसाठी हवा होता.

तिने पोटाखाली सुरी घातली आणि थांबली. पात्यावर पांढरं काहीतरी आलं होतं. तिने बोट लावून पाहिलं.

"मास्तर, हिच्या आंगावर दूध हाय."

सर हसले. तिला नव्हे, पण हसले. मुशीला पिल्लं होतात हे खरं, पण दूध कसं असेल, हे यकृताचं तेल असेल, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. हिराबायने सुरी पुसली. म्हणाली, "बाळंतिणीला बाळंतीण खाऊ घालायची नाय मला. म्हणून इचारलं."

"खुशाल न्या," सर म्हणाले.

ती घेऊन गेली. मीही झूऑलॉजीचीच होते आणि ते दूध मीही पाहिलं होतं. सरांपुढे काय बोलायचं म्हणून मी गप्प राहिले, हे इथे सांगून टाकते.

*

पंधरा दिवसांनी पंख घ्यायला व्यापारी आला. मुशीच्या पंखात शेवेसारखे लांब दोरे असतात, त्यांच्यासाठीच तर व्यापारी पंख घेतात. व्यापाऱ्याने या मुशीचा पाठीवरचा पंख मोडून पाहिला, आत दोराच नव्हता. ही कसली मुशी, असं म्हणत तो पंख तिथेच टाकून गेला.

बाजूचे दोन पंख बोंबलांच्या काठ्यांवर तसेच लटकत राहिले. ऊन आणि वारा खाऊन त्यांची कातडी आक्रसत गेली. मासळी वाळवणाऱ्या बायकांचं लक्ष कावळ्यांवर असतं, वाळणाऱ्या वस्तूकडे कोण बघतं? हिराबायने एका सकाळी बघितलं.

ती सरळ कॉलेजात आली. सरांचं लेक्चर चालू होतं. दारात चपला काढल्या, आत आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि कागद उलगडला.

"मास्तर, मोजा."

सरांनी मोजलं. वाळलेल्या कातडीखाली हाडं स्पष्ट दिसत होती. मनगट होतं. त्याच्यापुढे एक, दोन, तीन, चार, पाच बोटं होती, पेरांसकट. सरांनी नकळत आपला पंजा त्याच्या शेजारी ठेवला.  

"हा हात आहे," सर म्हणाले.

"मंग मी पोरीला काय खाऊ घातलं?"

 हिराबाय चपला घालून निघून गेली. पंख तिने तिथेच ठेवला.

*

त्यानंतर तीन रविवार सर मुंबईला जाऊन एका मोठ्या ग्रंथालयात बसले. तिसऱ्या रविवारी त्यांना ती सापडली. देवमाशांतली बुटकी जात, माणसाच्या दीडपट लांबीची. दात फक्त खालच्या जबड्याला. श्वास आपल्यासारखा हवेतून घेणारी, पिल्लाला अंगावर पाजणारी, आणि कधीकधी तर एक पिल्लू अंगावर असतानाच दुसरं पोटात वाढवणारी. डोळ्यामागची ती चंद्रकोर कल्ला नव्हेच, नुसती खूण. कशासाठी आहे ते कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. शत्रूला शार्क वाटावी म्हणून असेल, असा एक अंदाज.

"शार्क फसतात की नाही कोण जाणे," सर मला म्हणाले. "मी फसलो."

ते सांगायला सर हिराबायच्या घरी गेले, मला सोबत घेऊन. तिने चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. लेक आणि नात दोघी बऱ्या आहेत म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटत हुतं ते दूधच हाय. पण तुमी बोललात, म्हणून मी केलं."

एवढंच. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं. त्या नारळी पौर्णिमेला तिने समुद्राला दोन नारळ वाहिले. एक होडीचा. दुसरा कोणाचा ते कोणी विचारलं नाही. मग दरवर्षी दोन. आणि माझ्या दारावर येणारी तिची टोपली सरांच्या दारावरून मात्र न थांबता पुढे जायला लागली.

*

सरांनी तो हात काचेच्या कपाटात ठेवला आणि दरवर्षी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगला लावायला सुरुवात केली. स्पॉटिंग म्हणजे ओळीने वस्तू मांडलेल्या असतात, मुलांनी ओळखून लिहायचं. 'शार्कचा पंख' लिहिलं की भोपळा. 'माहीत नाही' लिहिलं की अर्धे मार्क. असला नियम कुठल्याच विद्यापीठात नसेल.

एका वर्षी बाहेरून आलेले परीक्षक या नियमावर भडकले. माहीत नाही याला कसले मार्क देता, म्हणाले. मग परीक्षा आटोपल्यावर कपाटाच्या काचेवर टिचकी मारून त्यांनी शेरा दिला, "शार्कचा पंख. नमुना मात्र चांगला जपलाय."

सरांनी कपाट उघडलं, हात त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, मोजा."

परीक्षकांनी दोनदा मोजलं.

त्याच परीक्षेत जव्हारकडची एक मुलगी होती. वरईची शेती करणाऱ्या घरातली, कॉलेजला येईपर्यंत समुद्र न पाहिलेली. तिने लिहिलं होतं : 'कोणाचा तरी हात आहे. पाण्यात राहून राहून असा झाला असावा.' सरांनी तो पेपर मला वाचायला दिला, मग परत घेतला आणि पुन्हा वाचला. उत्क्रांती शिकवायला मी चार लेक्चरं घेतो, म्हणाले, हिने दोन ओळीत संपवली. तिला पैकीच्या पैकी दिले.

*

ही बुटकी किती खोल जाते, हे वर्गात सांगून कळेना, म्हणून सरांनी एकदा आख्खा वर्ग माहीम रोडवर काढला. हातात टेप. कॉलेजचं गेट म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग. तिथून श्वास रोखून चालायचं, ज्याचा श्वास सुटेल त्याने तिथेच उभं राहायचं. पांडूदादाही इरेला पडून निघाले. पोरं पन्नास पावलांवर, सत्तर पावलांवर गळायला लागली. पांडूदादा विजेच्या चौथ्या खांबापर्यंत पोचले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले.

सर टेप टाकत पुढेच. सहाशे मीटर भरले तिथे एक पंक्चरवाला बसला होता. सर त्याच्या दुकानापाशी थांबले, तोवर मागची सगळी मंडळीही गोळा झाली. सर म्हणाले, "ती निदान इथवर येते. ऊन केव्हाच मागे संपलेलं. थंडगार काळोख. डोक्यावर एवढं सगळं पाणी. त्या काळोखात नुसत्या आवाजाच्या पडसादावर ती म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, शोधते, पकडते, गिळते. एका श्वासात."

पोरं वळून गेटकडे बघत होती. गेट एवढंसं दिसत होतं.

पंक्चरवाला हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. तो म्हणाला, "सर, परत वर बी जायचं असंल ना तिला? त्याच श्वासात?"

आम्ही सगळे चालत परत गेटपर्यंत गेलो. पुन्हा सहाशे मीटर. पांडूदादा गेटात शिरताना म्हणाले की, माहीमसमोर तर कितीतरी आत जाईपर्यंत आपले जाळ्याचे खांब तळाला टेकतात. एवढ्या खोलातली बाई आपल्या उथळ पाण्यात येतेच कशाला? सर म्हणाले, कोणालाच माहीत नाही.

*

जिवंत बघायची, हा सरांना ध्यासच लागला. दिसेल त्याला सांगून ठेवायचे. ती पाण्यावर येते तेव्हा ओंडक्यासारखी पडून राहते. हलत नाही, उड्या मारत नाही, फवारा उडवत नाही. असं काही दिसलं तर हात लावू नका, मला निरोप द्या. परिणामी सरांना डहाणूपासून वैतरणेपर्यंतचे ओंडके दाखवण्यात आले.

एकदा बोईसरहून कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. कारखान्यात काम करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा रामसजन नावाचा माणूस. सरांनी कधीतरी गाडीत त्याला देवमासा ऐकवला असणार. "साहब, आपकी मछली आ गई है. सो रही है."

सरांनी लेक्चर सोडलं, मला घेतलं, बोईसरची गाडी पकडली आणि पुढे रिक्षाने नवापूरचा किनारा गाठला. रामसजन वाळूत उकिडवा बसला होता. समोर उथळ पाण्यात काहीतरी काळपट हेलकावत होतं. सरांनी चष्मा पुसून पुसून दहा मिनिटं पाहिलं. मग गुडघाभर पाण्यात जाऊन आले. प्लॅस्टिकचं पिंप होतं.

मला हसू आवरेना. सरांनी मात्र त्याचे मनापासून आभार मानले. रामसजन रात्रपाळी करून आलेला, डोळे तारवटलेले. म्हणाला, "नहीं है तो कोई बात नहीं, साहब. मैंने दो घंटे किसी को छूने नहीं दिया." माझं हसू तिथेच थांबलं.

*

ज्यांना खरंच दिसली त्यांनी सरांना सांगितलंच नाही. ते होते हिराबायचे नवरे, गोविंद तांडेल. होडी खूप बाहेर गेली होती. पाणी तेलासारखं शांत. समोर ओंडका. जवळ गेले तर ओंडक्याला डोळा. तेवढ्यात पाणी तांबडंलाल झालं आणि त्या लाल ढगाखाली ती बुडाली. शेपूट वर आली नाही, पाणी उडालं नाही. होती आणि नव्हती.

तांडेल घाबरले. त्यांना वाटलं, आपल्या होडीच्या इंजिनाच्या पंख्याने देवमाशाला कापलं. घरी येऊन पडून राहिले. चार दिवस होडी निघाली नाही, खलाशी दारात येऊन परत जात होते. पाचव्या दिवशी हिराबायने पांडूदादांकरवी निरोप पाठवला, मास्तरला इचार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ते रक्त नाही. तिच्या आतड्यात एक पिशवी असते, त्यात काळपट तांबडा रंग. घाबरली की पाण्यात सोडते आणि त्याच्या आडून पळते. म्हाकूळ शाई सोडते तसंच. तांडेलांना सांगा, होडी काढा.

संध्याकाळी पांडूदादा दोन निरोप घेऊन आले. तांडेल म्हणाले होते, "म्हाकूळ खाऊन खाऊन तिचीच इद्या शिकली की ती!" आणि दुसऱ्या दिवशी होडी गेलीही. हिराबायचा निरोप वेगळा होता. मास्तरनं वाचलंय का बघितलंय, तेवढं इचारून ये.

"वाचलंय," सर म्हणाले आणि खाली बसले.

*

सर रिटायर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी पांडूदादांचा पुतण्या सायकलवरून आला : माहीमच्या खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या चिखलात, दोन आहेत. एक मोठी, एक लहान. जिवंत.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मा कोळीवाडा तिथे होता. नारळ, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. सरांनी चिखलात पाय टाकला, दोन्ही बूट तिथेच रुतले, ते त्यांनी काढलेही नाहीत. चष्मा काढून माझ्याकडे दिला. पडला तर सापडायचा नाही, म्हणाले.

ती कुशीवर पडली होती. काळा डोळा उघडा. थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडे, दीर्घ श्वास येई, मिटे. पिल्लू तिच्या पोटाला चिकटून होतं. सतरा वर्षं ज्या प्राण्याबद्दल ऐकलं त्याच्यापुढे मी उभी होते, आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं. नमस्कार केला.

एक आजी डोक्यावर कुंकू लावायला वाकल्या. सर ओरडले की तिथे नको, तिथून ती श्वास घेते. आजी गोंधळल्या. मग पायावर वाहते म्हणाल्या आणि पाय शोधत चिखलात फिरल्या. शेवटी कुंकू चिखलातच वाहिलं.

भरतीला पाच तास होते. बायकांनी लुगडी भिजवून तिच्या पाठीवर घातली, ती वाळू दिली नाहीत. बाजूच्या पंखांखाली खड्डे खणून पाणी भरलं. पिल्लावर सावली धरली. पलीकडच्या पंखाशी एक म्हातारी पाणी ओतत होती. ती हिराबाय होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हिकडं हात द्या."

सरांनी पंखाखाली हात घातला. आतली बोटं हलत होती.  त्यांनी तो पंख दोन्ही हातांत धरला आणि पाणी येईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

दुपारी भरती आली. बारा जणांनी तिच्याखाली जाळं घालून उचललं. पिल्लू हिराबायच्या लेकीने, त्याच लेकीने, कमरेशी धरलं होतं. पाणी कमरेला लागलं आणि एकदम लाल झालं.

जाळ्याचा पुढचा कोपरा गोविंद तांडेलांकडे होता. तो त्यांच्या हातातून सुटला. कोणीतरी म्हणालं, रगत. आपल्या वढण्यानं फाटली. देवमासा आपल्या हातून मेला तर सात पिढ्या पाप धुऊन निघायचं नाय. सगळे जागच्या जागी थांबले. मागची लाट तिला परत चिखलाकडे लोटत होती. अजून दोन लाटा, की सकाळपासूनचं सगळं वाया.

हिराबाय सरांकडे वळली. "मास्तर, तुमी सांगा. रगत का रंग?"

सरांनी ओंजळीत पाणी घेतलं, अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, वास घेतला. मला खात्री होती ते रंग म्हणणार. तसं म्हणाले असते तर माणसं हललीही असती.

"मला माहीत नाही, हिराबाय," सर म्हणाले. "पुस्तकात रंग आहे. पण हा मी पहिल्यांदा बघतोय. जखमही असेल."

तिने सरांकडे बघितलं. बराच वेळ वाटला, पण एखादीच लाट गेली असेल. मग तिने नवऱ्याच्या हातून सुटलेला कोपरा स्वतः उचलला.

"मास्तरला ठावं नाय. मंग मी सांगते. उचला."

बारा जणांनी उचललं. पाणी छातीशी आलं तेव्हा जाळं मोकळं केलं आणि लेकीने पिल्लू सोडलं. मोठी हललीच नाही. पिल्लू तिच्या कुशीला, आणि ती ओंडक्यासारखी, सतरा वर्षं सर सांगत होते अगदी तशी. श्वास घेत होती की नाही तेही कळेना. आम्ही कोणीच घेत नव्हतो. मग ती बुडाली. पाणी उडालं नाही, शेपूट दिसली नाही. लाल पाणी तेवढं उरलं आणि तेही पसरत पसरत फिकं झालं.

कोणी परत फिरेना. सर मनगट डोळ्यांशी नेऊन घड्याळ बघत होते. पाणी वाढत होतं आणि सातारच्या या माणसाला पोहता येत नव्हतं, म्हणून हिराबायने त्यांचा दंड धरून ठेवला होता. मी चार हातांवर उभी होते.

"वर आली नाही," सर म्हणाले.

"येल. पिल्लाला तेवढा दम कुठला?"

 मी डोळे फाडून बघत होते. मला लाटाच दिसत होत्या, पांडूदादांनाही लाटाच. एवढ्यात हिराबायने हात लांब केला, पार शेवटच्या खांबांच्या पलीकडे.

"त्या बघा, मास्तर. दोघी हायत. दिसल्या का?"

सरांनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं.

"दिसल्या," ते म्हणाले. "एक मोठी, एक लहान."

सरांचा चष्मा सकाळपासून माझ्या पर्समध्ये होता.